पटावरची गोदावरी

गोदावरीच्या काठी, अहिल्यानगर जिल्ह्यात, पुणतांबा नावाचे जुने गाव आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानक म्हणून ते प्रवाशांस ठाऊक असते, चांगदेव महाराजांची समाधी तेथे असल्यामुळे भाविकांस ठाऊक असते, आणि अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या घाटामुळे इतिहासाच्या अभ्यासकांस त्याची ओळख असते. नदी ओलांडून उत्तरेकडे गेले म्हणजे थोड्याच अंतरावर वैजापूर तालुका लागतो. त्याच तालुक्यात पालखेड हे खेडे आहे. नाशिक जिल्ह्यातील धरणाचे पालखेड ते हे नव्हे. 1728 च्या फेब्रुवारीअखेर पहिल्या बाजीरावाने निजामुल्मुल्कास कोंडीत धरले ते या पालखेडापाशी. तेथे मोठी रणगर्दी झाली नाही. तरीही दक्षिणेत चौथाईचा हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या माळावर सुटला.

अठराव्या शतकातील हिंदुस्थानचा नकाशा आज तरुणांपुढे येतो तो पाठ्यपुस्तकातूनच येतो असे नाही. पुष्कळदा तो संगणकाच्या पडद्यावरून येतो. 2009 च्या मार्च महिन्यात 'क्रिएटिव्ह असेंब्ली' या इंग्रज संस्थेने 'एम्पायर: टोटल वॉर' हा युद्धखेळ बाजारात आणला. खेळाचा काळ 1700 पासून शतकाच्या अखेरीपर्यंतचा. पट युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान अशा तीन भूभागांचा. खेळणाऱ्याने एक राज्य निवडावे, कर बसवावे, रस्ते बांधावे, तह करावे, फौजा उभाराव्या आणि शत्रूशी गाठ पडली म्हणजे हजारो सैनिकांची लढाई डोळ्यांदेखत लढवावी, अशी त्याची रीत आहे. निवडावयाच्या राज्यांत इंग्लंड, फ्रान्स, प्रशिया, रशिया यांच्या ओळीत एक नाव मराठ्यांचेही होते. मराठी घरांतील मुलांना त्याचे किती अप्रूप वाटले असेल, हे निराळे सांगावयास नको.

त्या वेळी शाळा-महाविद्यालयांत असलेली ती मुले आता संसारी झाली. पुढे याहून देखणे खेळ पुष्कळ निघाले. तथापि त्यांच्यापैकी कितीतरी जण याच जुन्या खेळाकडे वळतात, आणि वळताना तो जसाच्या तसा घेत नाहीत. खेळ मूळ निर्मात्याचाच ठेवून त्याच्या आतील कोष्टके, चित्रे आणि नियम हौशी मंडळी बदलतात; अशा बदलास 'मॉड' म्हणतात. निक थोमाडिस या ग्रीक गृहस्थाचे 'डार्थमॉड' त्यांत विशेष गाजले. त्याने शत्रूसेनापतीची युद्धबुद्धी, बंदुकांचा परिणाम आणि सैनिकांचे धैर्य यांचे हिशेब नव्याने बसविले. यावर वडीलधारी मंडळी साहजिकच विचारतात की, जुन्या खेळण्याची ही डागडुजी कशासाठी? याचे उत्तर इतिहासाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट अशी की, खेळाचे नियम बदलून तो पुन्हा खेळणे ही आजची टूम नव्हे. बुद्धिबळाचेच पाहावे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही चतुरंग सेना पटावर मांडण्याची कल्पना या देशातली. ती इराणमार्गे अरबांकडे आणि तेथून युरोपात गेली. त्या जुन्या खेळात वजीर हे दुबळे मोहरे होते. तिरपे एकच घर चालावे एवढीच त्याची मजल. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्यास राणी करून आडवे, उभे, तिरपे असे हवे तितके धावण्याचे सामर्थ्य दिले, आणि संथ खेळ एकदम तिखट झाला. इकडे देशी पद्धतीत मात्र प्यादे पहिल्या चालीसही एकच घर सरके, आणि किल्लेकोट करण्याऐवजी राजास एकवार घोड्याची उडी मारता येई. पंजाबचा मीर सुलतान खान असा देशी खेळ शिकून मग युरोपी नियमांकडे वळला, आणि 1929 साली ब्रिटिश विजेता झाला. एकच पट, पण नियम बदलताच सेनापतीने करावयाचा विचारही बदलतो, एवढे यावरून स्पष्ट होते.

खेळातून युद्ध शिकविण्याचा प्रयत्न पुढे प्रशियात झाला. रायस्विट्झ नावाच्या सरदाराने 1812 च्या सुमारास राजापुढे मांडलेला युद्धपट त्याच्या मुलाने 1824 साली सुधारून सैन्यातील अधिकाऱ्यांच्या हाती दिला. त्यात चौरस घरांच्या जागी खऱ्या प्रदेशाचा नकाशा आला, नशिबाच्या वाट्यासाठी फासे आले आणि निवाडा करण्यास पंच बसला. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांची पिढी या पटावर शिकली. या प्रकारात एक मर्म आहे. पटावर ज्याचे माप घेतले जाते त्याचाच विचार खेळणारा करतो. ज्याचे माप नाही ते त्याच्या लेखी जगात नसतेच. म्हणून प्रत्येक युद्धखेळ हे इतिहासाविषयीचे एक मत असते, मग ते मांडणाऱ्यास त्याची जाणीव असो वा नसो.

'एम्पायर' या खेळाचे मत काय होते? त्यात 1700 साली मराठ्यांचे एक संघराज्य सुखरूप नांदत आहे असे गृहीत धरले आहे. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट होती. त्या वर्षाच्या आरंभी औरंगजेबाची फौज साताऱ्याच्या किल्ल्यास वेढा देऊन बसली होती. मार्चच्या आरंभी छत्रपती राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले. एप्रिलात सातारा पडला. शाहू महाराज मोगलांच्या कैदेत होते. आणि ताराबाईंनी आपल्या लहान मुलाच्या नावे दौलतीचा गाडा हाती घेतला होता. बाळाजी विश्वनाथास पेशवाई मिळावयास अजून 13 वर्षे होती. ज्यास पुढे इंग्रजांनी मराठ्यांचे संघराज्य म्हटले, त्याचा या वर्षी मागमूसही नव्हता. राजधानी, खजिना आणि राजा यांवाचून एक राज्य कसे तगले, हा त्या सालचा खरा प्रश्न. आणि नेमका तोच त्या पटावर उद्भवत नाही. आणखी एक नवल असे की, ज्या मोगल बादशाहीशी हा झगडा चालला होता ती मूळ खेळात खेळणाऱ्यास घेताच येत नव्हती. ती कडी हौशी मंडळींनी काढली.

अर्थात हा अन्याय एकट्या हिंदुस्थानावरच झाला असे समजणे बरोबर होणार नाही. त्या खेळात जवळजवळ सारा फ्रान्स देश हा एकच प्रांत आहे. पॅरिस पडले की फ्रान्स पडला. लहान यंत्रात मोठे जग बसवावयाचे तर कोठेतरी काटछाट ही व्हावयाचीच. पण काटछाट कोठे करावी हे ठरविणाऱ्यास जे महत्त्वाचे वाटते तेच शिल्लक राहते, आणि दूरचे लोक बहुधा एका गठ्ठ्यात बांधले जातात.

या गठ्ठ्यांच्या गाठी सुटतात कशा, याचा नमुना दुसऱ्या एका खेळात सापडतो. 'एज ऑफ एम्पायर्स' या प्रसिद्ध खेळाचा दुसरा भाग 1999 साली निघाला तेव्हा मध्ययुगातील 13 जनसमूह त्यात होते. त्यांत चिनी होते, जपानी होते, इराणी होते आणि इराण्यांपाशी हत्तीही होते. पण ज्या देशात हत्तींची सेना पिढ्यानपिढ्या चालली त्या हिंदुस्थानाचे नाव नव्हते. पुढे काही हौशी मंडळींनी 'फरगॉटन एम्पायर्स' हे मॉड रचले आणि त्यात इतरांबरोबर हिंदी लोकांना जागा दिली. ही भर इतकी लोकप्रिय झाली की 2013 साली ती मूळ खेळात अधिकृतपणे दाखल झाली. तरीही काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचे सारे एकाच नावाखाली होते. 2022 च्या एप्रिलात त्याची हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशी विभागणी झाली. विसरलेल्यांची आठवण प्रथम धन्यास झाली नाही. ती फावल्या वेळात, द्रव्याची आशा न धरता काम करणाऱ्या वाचकास झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

येथे मराठी वाचकास आपल्याच घरची एक कथा आठवावी. ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने 1826 साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. ग्रंथ मोठ्या मेहनतीचा. त्याचे मराठी भाषांतर शाळांतून वाचले जाई. पुढे 1867-68 च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने त्याची परखड चिकित्सा केली, आणि डफसाहेबांनी कोठे चूक केली, कोठे गैरसमज करून घेतला, ते दाखविले. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला; त्यात पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे होती. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. या मंडळींनी डफचे पुस्तक फेकून दिले नाही. ते पुन्हा उघडले, एकेक विधान तपासले, आणि जेथे पान कोरे होते तेथे दप्तरातला कागद आणून ठेवला. जुन्या वस्तूकडे परतण्याची ही रीत उत्तम होय. संगणकावरील खेळाची डागडुजी करणाऱ्यांत जे साक्षेपी आहेत, ते लहान प्रमाणावर याच वाटेने चालतात.

आता पालखेडाकडे वळावे. कारण खेळाची खरी परीक्षा तेथे होते. 1727 च्या अखेरीस निजामाने कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष घेऊन शाहू महाराजांच्या चौथाईस आडकाठी घातली. बाजीराव जालना आणि सिंदखेड या भागांत धुमाकूळ घालून बऱ्हाणपुराकडे निघाल्याची हूल देता झाला आणि खानदेशातून गुजराथेत उतरला. निजाम त्याच्यामागे धावून थकला. तेव्हा त्याने उलट पुणे प्रांतावर चाल केली आणि पुणे घेतले. एखाद्या सामान्य सेनापतीने घर वाचविण्यास धाव घेतली असती. बाजीराव औरंगाबादेकडे वळला. आपलेच ठाणे धोक्यात आलेले पाहून निजामास पुणे सोडून परतणे भाग पडले. लगबगीने चालावयाचे म्हणून जड तोफा मागे राहिल्या. आणि गोदावरीच्या पलीकडे, पाण्याच्या दुर्भिक्ष्याच्या जागी, मराठ्यांच्या घोडदळाने त्याची फौज घेरली. दाणा बंद, वैरण बंद, पाणी बंद. 6 मार्च 1728 रोजी मुंगी-शेवगाव येथे तह झाला; निजामाने संभाजीराजांचा पक्ष सोडला आणि शाहू महाराजांचा दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला. दुसऱ्या महायुद्धातील इंग्रज सेनापती माँटगोमेरी याने 1968 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची मुक्तकंठाने वाखाणणी केली आहे.

ही मोहीम 'एम्पायर' च्या पटावर मांडून पाहावी. त्या खेळाच्या नियमाप्रमाणे प्रांताचे मुख्य शहर ज्याच्या हाती, प्रांत त्याचा आणि वसूलही त्याचाच. या हिशेबाने निजामाने पुणे घेतले तेथेच बाजीराव हरला! खऱ्या इतिहासात पुणे गेले तरी मराठ्यांची सत्ता घोड्याच्या पाठीवर शाबूत होती. दुसरे असे की, त्या पटावरील फौजेस पगार लागतो, पण तहान लागत नाही. हजारो घोडे माळावर महिनोन्महिने उभे ठेवावे, चंदीचा प्रश्न नाही. हिमाने आणि वाळवंटाने फौज झिजते हा नियम त्याच संस्थेने 2010 साली 'नेपोलियन' या पुढील खेळात आणला. म्हणजे 2009 च्या पटावर बाजीराव होता, निजाम होता, तोफा होत्या, घोडे होते. फक्त पालखेड घडण्यास जे लागते ते पाणी तेवढे नव्हते. पानिपताचेही तसेच. 14 जानेवारी 1761 च्या लढाईत भाऊसाहेबांचे सैन्य उतरले ते अब्दालीने रसद तोडल्यामुळे उपासमारीला टेकल्यावर. तोफांची संख्या आणि तलवारींची धार मोजणाऱ्या खेळात त्या सकाळचे कारणच दिसत नाही.

या ठिकाणी मॉड रचणाऱ्यांपुढे दोन वाटा फुटतात. एक वाट सोपी आहे. मराठा स्वाराच्या नावापुढील आकडा वाढवावा, त्याचे धैर्य दुप्पट करावे, शत्रूचे निम्मे करावे. मग प्रत्येक लढाईत जय ठरलेला. असे करण्यास अर्धा तास पुरतो, आणि मनास गोडही वाटते. पण हा इतिहास नव्हे, ही आपणच आपली केलेली भाटगिरी होय. जो बाजीराव प्रत्येक ठिकाणी आपोआप जिंकतो, त्याला बुद्धीची गरज काय? त्याचे मोठेपण वाढविण्याच्या नादात नेमके तेच पुसले जाते. दुसरी वाट कष्टाची आहे. दर मजलीस फौजेला चारा किती लागतो, बुणगे बरोबर असले म्हणजे चाल किती मंदावते, नदीस उतार कोणत्या महिन्यात मिळतो, लमाणांचे तांडे धान्य आणीनासे झाले तर काय होते, हे शोधून नियमात बसवावे. असे केले म्हणजे कधीकधी मराठ्यांचाच पराभव होईल. होऊ द्यावा. कारण त्या पराभवाने खेळणाऱ्यास जे समजेल ते दहा खोट्या विजयांनी समजणार नाही. राजवाड्यांनी पानिपतची पत्रे छापली ती पराभव झाकण्याकरिता छापली नव्हती.

खेळाचा एक गुण मात्र मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे. पुस्तक वाचणारा शेवट जाणून आरंभाकडे पाहतो. त्यामुळे भूतकाळातील माणसे त्यास हटकून मूर्ख वाटतात. पटावर बसलेल्यास पुढचे दिसत नाही. पुणे सोडावे की वाचवावे, हे त्यास आताच ठरवावे लागते, आणि चुकले तर फळ भोगावे लागते. निर्णयाचे हे ओझे एकदा खांद्यावर घेतले म्हणजे भाऊसाहेबांविषयी बोलताना जीभ थोडी सावध होते. इतिहास शिकविणाऱ्यास याहून अधिक काय हवे?

पण आणखी एक माणूस आहे; तो अजून कोणत्याच पटावर नीटसा आलेला नाही. 'एज ऑफ एम्पायर्स' मधील गावकरी सांगितले की शेत करतो, सांगितले की लाकूड तोडतो, आणि वैऱ्याच्या तलवारीखाली मरेपर्यंत कधी 'नाही' म्हणत नाही. पुणतांब्यास असे गावकरी नाहीत. 1 जून 2017 रोजी येथील शेतकऱ्यांनी चक्क संप पुकारला. कर्जमाफी आणि पिकास रास्त भाव या त्यांच्या मागण्या होत्या. पाहता पाहता तो संप महाराष्ट्रभर पसरला, शहरांकडे जाणारे दूध आणि भाजीपाला अडला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. फौजा ज्याच्या धान्यावर चालतात आणि राजधान्या ज्याच्या दुधावर, तो माणूस कोष्टकातील निमूट आकडा नव्हे, हे गोदाकाठच्या या गावाने स्वच्छ दाखविले. पालखेडाच्या वेळी दोन्ही फौजांचे घोडे ज्यांच्या शेतात चरले त्या कुणब्यांचे काय झाले, हे विचारणारे मॉड ज्या दिवशी निघेल, त्या दिवशी जुना खेळ खरोखर नवा होईल.

सुशिक्षित घरांत या खेळांविषयी दोनच मते आढळतात. कोणी म्हणतो, मुले वाया गेली. कोणी त्याकडे पाहतच नाही. ज्या चांगदेवांची समाधी पुणतांब्यास आहे त्यांची आख्यायिका या प्रसंगी आठवते. ज्ञानेश्वर वयाने लहान, ज्ञानाने मोठे. तेव्हा पत्राच्या मायन्यात आशीर्वाद लिहावा की नमस्कार लिहावा, हे चांगदेवांना ठरविता येईना, म्हणून त्यांनी कोराच कागद धाडला. त्याचे उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांच्या 65 ओव्या महाराष्ट्रास मिळाल्या. आजचे वडीलही मुलाच्या पडद्यापुढे काय बोलावे हे न सुचून कोरेच राहतात. त्यांनी फार काही करावयास नको. जुना खेळ काढून मुलगा मराठ्यांची फौज घेऊन निघाला, म्हणजे शेजारी खुर्ची ओढून बसावे आणि एवढेच विचारावे, 'ही फौज आज रात्री पाणी कोठे पिणार?'

उत्तर शोधण्यासाठी मुलगा नकाशात गोदावरी धुंडू लागला, तर त्या संध्याकाळचा इतिहासाचा पाठ चांगला झाला असे समजावे.